लिनक्सवर रॅम आणि स्वॅपचे घोळ: सगळे तेच तेच विचारतात ते प्रश्न

घरात एकदा का "याला कॉम्प्युटरमधलं कळतं" असा शिक्का बसला की मग सुटका नाही, आत्तेभावाचा जुना लॅपटॉप, सोसायटीतल्या काकांचा डेस्कटॉप, मित्राच्या ऑफिसातला सर्व्हर, सगळे आपल्याकडेच येतात. गेल्या काही वर्षांत लिनक्सवरच्या मेमरीच्या तक्रारी इतक्या वेळा ऐकल्या की म्हटलं एकदाच लिहून टाकावं. कमांडा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजी स्मॉल लेटरमध्ये टाइप करायच्या.

माझी रॅम ८ जीबी आहे, काहीच उघडलेलं नाही तरी फ्रीमध्ये फक्त २०० एमबी दिसतंय. रॅम कोण खातंय?

कोणी नाही. हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि यात दुरुस्त करायला काहीच नसतं. फ्री हायफन एच मारलं की जे कॉलम येतात त्यात "फ्री" नावाचा कॉलम बघायचाच नाही, शेवटचा "अव्हेलेबल" बघायचा. लिनक्स मोकळी पडलेली रॅम वाया घालवत नाही, डिस्कवरून वाचलेल्या फायली तिथेच ठेवून देतो, त्याला पेज कॅश म्हणतात आणि ती "बफ/कॅश" कॉलममध्ये दिसते. आपण नाही का रोज लागणारे डबे ओट्यावरच ठेवतो, पोळ्या लाटायला जागा हवी झाली की उचलून फडताळात. तसंच. एखाद्या प्रोग्रॅमला रॅम हवी झाली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कॅश सोडून देतो.

हा अव्हेलेबलचा आकडा कर्नल ३.१४ पासून, म्हणजे २०१४ पासून, कर्नल स्वतःच देतो. त्याआधी लोक फ्री अधिक बफर्स अधिक कॅश अशी बेरीज करत बसायचे आणि ती पण चुकायची.

आणि हो, ड्रॉप कॅशेसमध्ये (कॅश रिकामी करायची कर्नलची सोय) ३ लिहून "रॅम साफ" करणारी स्क्रिप्ट दर तासाला क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांडा चालवणारा प्रोग्रॅम) लावलेली मी स्वतः बघितलीये, त्या माणसाची तक्रार होती की मशीन दर तासाला अडखळतं. अडखळणारच, सगळे डबे उचलून फडताळात टाकले की पुढचा स्वयंपाक हळूच होणार. ती ओळ काढली, तक्रार संपली.

१६ जीबीची रॅम घेतली पण १३.५ च्या आसपास दिसतेय, दुकानदारानं फसवलं का?

बहुतेक नाही. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असेल तर बायॉस (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम) त्यासाठी रॅममधला एक तुकडा आधीच कापून ठेवतो, एएमडीच्या लॅपटॉपवर हा तुकडा ५१२ एमबीपासून २ जीबीपर्यंत सहज असतो. थोडं फर्मवेअर घेतं, थोडं कर्नल स्वतःसाठी घेतो. बायॉसमध्ये यूएमए फ्रेम बफर साइझ असा काहीतरी पर्याय असेल तर कमी करता येतो, पण बऱ्याच लॅपटॉपच्या बायॉसमध्ये तो दाखवतच नाहीत, मग गप्प बसायचं.

८ च्या जागी ७.६ किंवा ७.७ दिसत असेल तर ते अगदी नॉर्मल आहे, त्यावर वेळ घालवू नका.

अजून एक गिऱ्हाईक असतं ते म्हणजे क्रॅशकर्नल. सर्व्हर टाइप डिस्ट्रोंवर केडंप चालू असतो, कर्नल कोसळला तर पंचनामा करता यावा म्हणून थोडी रॅम बूट होतानाच बाजूला काढतात. घरच्या मशीनवर त्याची गरज नाही, खुशाल बंद करा.

पण माझी तर ८ टाकून ३ जीबीच दिसतेय!

आता हे खरं दुखणं. तीन ठिकाणी बघायचं.

पहिलं, यूनेम हायफन एम मारा. एक्स८६_६४ आलं तर ठीक, आय६८६ वगैरे आलं तर तुम्ही ३२ बिटचं लिनक्स टाकलंय. ३२ बिटला पत्ते ४ जीबीपर्यंतचेच, त्यातले वरचे बरेचसे पत्ते ग्राफिक्स कार्ड, पीसीआय वगैरे मंडळींसाठी राखीव, म्हणून हातात तीन-साडेतीन उरतात. पीएई असलेला कर्नल ६४ जीबीपर्यंत जातो, तरी एकेका प्रोग्रॅमला मर्यादा राहतेच. प्रोसेसर ६४ बिटचा असेल, आणि आता जवळजवळ सगळे असतातच, तर पॅचवर्क करत बसू नका, डेटाचा बॅकअप घ्या आणि ६४ बिट टाका. उबुंटूनं ३२ बिटची डेस्कटॉप आयएसओ १७.१० पासूनच बंद केलीये.

दुसरं, प्रॉक फोल्डरमधली सीएमडीलाइन फाइल कॅट करून बघा, बूट होताना कर्नलला दिलेले पर्याय तिथे असतात. तिथे मेम इज इक्वल टू काही लिहिलंय का? एका मित्राच्या सेकंडहँड लॅपटॉपवर दोन संध्याकाळी घालवल्या, रॅम काढली, घातली, खोडरबरानं घासली, बायॉसमध्ये पूर्ण ८ जीबी आणि लिनक्समध्ये २. शेवटी कळलं की आधीच्या मालकानं कसल्यातरी टेस्टिंगसाठी ग्रबमध्ये (लिनक्स बूट करून देणारा प्रोग्रॅम) मेम=२जी लिहून ठेवलं होतं आणि विसरून लॅपटॉप विकून टाकला. ईटीसीमधल्या डीफॉल्ट फोल्डरात ग्रब नावाची फाइल असते, त्यातून तेवढा शब्द काढायचा, सुडो अपडेट-ग्रब, रीबूट. फेडोराकडच्या लोकांनी ग्रबी वापरायचं. तेव्हापासून मी स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी सीएमडीलाइन बघतो, नियमच केलाय.

तिसरं, बायॉसमध्येच कमी दिसतेय का ते. बायॉसला दिसत नसेल तर लिनक्सला कुठून दिसणार, मग पुढचा प्रश्न वाचा.

नवीन स्टिक दिसतच नाहीये, किंवा मशीन चालूच होत नाही, नुसतं बीप बीप

आधी दहातले सात वेळा स्टिक नीट बसलेली नसते. मशीन बंद, प्लग काढलेला, लॅपटॉप असेल तर बॅटरी पण काढलेली किंवा बायॉसमधून डिस्कनेक्ट केलेली, मग स्टिक काढा, सोनेरी दातांवरून पांढरं खोडरबर हलक्या हातानं फिरवा, कचरा फुंकून नाही तर ब्रशनं झाडा (फुंकीबरोबर थुंकी जाते), आणि क्लिक आवाज येईपर्यंत दाबून बसवा. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ राहणाऱ्यांच्या मशीनचे हे दात दमट हवेनं लवकर काळे पडतात, पावसाळ्यानंतर ही तक्रार हमखास येते.

दोन स्टिक असतील तर एकेक करून प्रत्येक स्लॉटमध्ये लावून बघा, म्हणजे स्टिक वाईट की स्लॉट वाईट ते कळतं. डेस्कटॉपला चार स्लॉट आणि दोन स्टिक असतील तर सहसा प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा, पण मदरबोर्डचं पुस्तक बघून खात्री करा.

जुन्या लॅपटॉपवाल्यांनी एक लक्षात ठेवायचं, डीडीआर३ आणि डीडीआर३एल एक नाही. एल वाली १.३५ व्होल्टवर चालते, साधी १.५ वर, आणि बरेच लॅपटॉप फक्त एल वालीच घेतात. खाचा सारख्याच ठिकाणी असल्यामुळे स्टिक बसते आणि आपल्याला वाटतं झालं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत जुनी स्टिक घ्यायला जाल तेव्हा जुनी काढून सोबत न्या, लेबल दाखवा, तोंडी सांगू नका.

सुडो डीएमआयडीकोड हायफन टी मेमरी मारलं की कुठल्या स्लॉटमध्ये काय बसलंय ते सगळं येतं. त्यातला मॅक्सिमम कपॅसिटीचा आकडा मात्र बायॉसनं सांगितलेला असतो आणि बायॉस कधीकधी थापा मारतो, कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून खात्री करून घ्या.

३२०० ची रॅम घेतली, चालतेय २४०० वर

याच डीएमआयडीकोडमध्ये दोन ओळी असतात, स्पीड आणि कॉन्फिगर्ड मेमरी स्पीड. दुसरी ओळ खरी, पहिली नुसती ऐपत. बऱ्याचदा पाकिटावरचा वेग मिळायला बायॉसमध्ये एक्सएमपी (एएमडीच्या बोर्डवर एक्स्पो किंवा डीओसीपी अशा नावानं) चालू करावं लागतं, नाहीतर बोर्ड सेफ वेगानं चालवतो. एक स्टिक जुनी हळू आणि एक नवीन फास्ट असेल तर दोन्ही हळूच्याच वेगानं चालणार, बैलजोडीसारखं. लॅपटॉपवर बहुतेक वेळा काही करता येत नाही. आणि एक्सएमपी चालू केल्यावर मशीन अधूनमधून हँग व्हायला लागलं तर लिनक्सला शिव्या देण्याआधी एक्सएमपी बंद करून बघा, प्लीज.

१६ जीबी असताना स्वॅप लागतो का? किती ठेवायचा?

लागतो असं माझं मत, थोडा तरी. स्वॅप म्हणजे रॅममधली पानं, म्हणजे मेमरीचे छोटे तुकडे, ठेवायची डिस्कवरची जागा, ती फक्त रॅम संपल्यावरची आणीबाणी नाही, सकाळी उघडून विसरलेल्या प्रोग्रॅमची पानं तिकडे ढकलून कामाच्या गोष्टींना रॅम मिळते. घरच्या मशीनला २ ते ४ जीबी पुरे. हायबरनेट वापरायचं असेल तर मात्र किमान रॅमएवढा धरा, कारण अख्खी रॅम तिकडे उतरवायची असते.

वेगळं पार्टिशन लागत नाही, फाइल चालते, उबुंटू १७.०४ पासून तेच करतोय. पद्धत अशी: डीडी वापरून शून्यांनी भरलेली ४ जीबीची स्वॅपफाइल बनवायची (बीएस १एम, काउंट ४०९६), मग सीएचमॉड ६००, नाहीतर कुठलाही युजर तुमची मेमरी वाचू शकतो, मग एमकेस्वॅप, मग स्वॅपऑन. स्वॅपऑन हायफन हायफन शो मारून दिसली की एफएसटॅबमध्ये (बूट होताना कुठली डिस्क, कुठला स्वॅप जोडायचा त्याची यादी) ओळ टाकायची म्हणजे रीबूटनंतर पण राहील.

बीटीआरएफएस फाइलसिस्टम असेल तर थांबा. तिथे साधी फाइल चालत नाही, कॉपी-ऑन-राइट बंद असलेली लागते आणि कर्नल ५.० किंवा त्यापुढचा पाहिजे. नवीन टूल्समध्ये बीटीआरएफएस फाइलसिस्टम एमकेस्वॅपफाइल अशी तयार कमांड आहे, तीच वापरा. त्या सबव्हॉल्यूमचा स्नॅपशॉट मग घेता येत नाही म्हणून स्वॅपला वेगळं सबव्हॉल्यूम द्या.

एफएसटॅबमध्ये ओळ टाकताना इको वापरत असाल तर दोन बाण, दोन! एक बाण टाकलात तर आख्खी एफएसटॅब पुसून तिथे फक्त स्वॅपची ओळ उरते आणि पुढच्या बूटला मजा बघा. हे मी केलंय, रात्री पावणेबाराला, दुसऱ्याच्या मशीनवर. आता नॅनोमध्ये उघडून हातानंच लिहितो.

स्वॅप पार्टिशन उडवलं, तेव्हापासून बूट होताना दीड मिनिट नुसतं थांबतं

एफएसटॅबमध्ये त्या मेलेल्या पार्टिशनचा यूयूआयडी, म्हणजे ओळखीचा नंबर, अजून आहे. सिस्टमडी (बूट होताना बाकीचं सगळं सुरू करणारा) बिचारा त्याची ९० सेकंद वाट बघतो. ती ओळ काढा किंवा पुढे हॅश टाका. डेबियन-उबुंटूवर एवढ्यानं भागत नाही, इनिटरामएफएस-टूल्सच्या कॉन्फ.डी फोल्डरात रिझ्यूम नावाची फाइल असते, त्यातही जुना यूयूआयडी असतो, तो बदला आणि मग अपडेट-इनिटरामएफएस हायफन यू. नवीन यूयूआयडी बीएलकेआयडी मारून मिळतो.

स्वॅपिनेस १० करा असं सगळीकडे लिहिलंय, करू का?

का करताय ते आधी सांगा. डीफॉल्ट ६० आहे आणि लोकांना वाटतं ६० म्हणजे रॅम ६० टक्के भरली की किंवा ४० टक्के भरली की स्वॅप सुरू, तसं काही नाही. रॅमची ओढाताण सुरू झाल्यावर कर्नलनं कॅश सोडायची की प्रोग्रॅमची पानं स्वॅपमध्ये टाकायची याचा तो कल आहे, बस. कर्नल ५.८ पासून हा आकडा २०० पर्यंत जातो.

आधी व्हीएमस्टॅट १ चालवा आणि एसआय, एसओ हे दोन कॉलम काम करताना पाच मिनिटं बघा. तिथे शून्य येत असतील तर स्वॅपमध्ये ५०० एमबी पडलेले असले तरी काही बिघडत नाही, ते नुसते पडून आहेत. सतत मोठे आकडे येत असतील तर रॅम खरंच कमी पडतेय आणि स्वॅपिनेसनं ती वाढत नसते. फिरत्या हार्डडिस्कवाल्यांना १०-२० वर थोडा फरक जाणवतो हे खरं.

झेडरॅम म्हणजे काय, ४ जीबीच्या लॅपटॉपला उपयोग होईल?

होईल, मी तर म्हणतो ४ जीबीवाल्यांनी आजच लावा. यात स्वॅप डिस्कवर न जाता रॅममध्येच दाबून, कॉम्प्रेस करून ठेवतात. साधारण दोनास एक, कधी तीनास एक असं दाबलं जातं, थोडा प्रोसेसर खर्च होतो पण डिस्कपेक्षा कितीतरी फास्ट. फेडोरात ३३ पासून, म्हणजे २०२० पासून, आपोआप चालू असतं. डेबियनवर झेडरॅम-टूल्स पॅकेज टाका आणि झेडरॅमस्वॅप नावाच्या कॉन्फिग फाइलमध्ये पर्सेंट ५० करा. इथे मात्र स्वॅपिनेस कमी करायचा नाही, उलट १०० च्या वर ठेवतात, कारण स्वॅप स्वस्त झालाय. म्हणजे बघा, नेटवरून उचललेला १० इथे बरोबर उलटा पडतो.

झेडस्वॅप हा वेगळा प्रकार आहे, तो डिस्कवरच्या स्वॅपच्या पुढे बसतो. दोन्ही एकदम चालू ठेवू नका, एकमेकांच्या पायात येतात.

ब्राउझरमध्ये टॅब वाढले की आख्खं मशीन गोठतं, माउस पण हलत नाही

यावर जरा सविस्तर, कारण लोक इथेच कंटाळून विंडोजवर परत जातात.

होतं काय की रॅम आणि स्वॅप दोन्ही काठोकाठ भरतात, कर्नलमध्ये ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर असतो जो अशा वेळी एखादा प्रोग्रॅम मारतो, पण तो फार उशिरा जागा होतो. तोपर्यंत कर्नल कॅशमधली पानं, अगदी चालू प्रोग्रॅमचा कोडसुद्धा, टाकून देतो आणि लगेच परत डिस्कवरून वाचतो, टाकतो, वाचतो. डिस्कचा दिवा ढणाढणा पेटलेला आणि स्क्रीन मठ्ठ. याला थ्रॅशिंग म्हणतात.

पॉवर बटण दाबून रीबूट केलंत की पहिलं काम, जर्नलसीटीएल हायफन के हायफन बी हायफन १, म्हणजे मागच्या बूटचा कर्नलचा लॉग, त्यात "आउट ऑफ मेमरी" शोधा. "किल्ड प्रोसेस" च्या पुढे नाव असेल. मात्र मेला तोच गुन्हेगार असं नाही, ओओएम किलर सहसा सगळ्यात जाड गिऱ्हाईक बघून मारतो, गळती दुसऱ्याच कोणाची असू शकते.

उपाय म्हणजे अर्लीओओएम टाका. छोटंसं आहे, अव्हेलेबल रॅम आणि मोकळा स्वॅप दोन्ही १० टक्क्यांखाली गेले की तेच एखादा टॅब मारतं आणि मशीन हातात राहतं. तेच काम करणारा सिस्टमडी-ओओएमडी असेल तर दोन्ही नको, एकच ठेवा. उबुंटू २२.०४ मध्ये ओओएमडी आपोआप चालू आला तेव्हा लोकांचे ब्राउझर न सांगता गायब व्हायला लागले, कारण तो एकटी प्रोसेस न मारता आख्खा गट मारतो. तुमचं असं होत असेल तर बहुतेक स्वॅप फारच लहान आहे, वाढवून बघा.

गोठलेल्या अवस्थेत आल्ट, सिसआरक्यू आणि एफ एकत्र दाबलं तर ओओएम किलरला हातानं हाक मारता येते. काही डिस्ट्रोंवर ही सोय बंद असते, ती आधीच चालू करून ठेवावी लागते.

अर्धी रॅम मोकळी आहे तरी "कॅनॉट अॅलोकेट मेमरी" येतं

मग रॅम संपलेली नाही, कुठेतरी मर्यादा लागलीये. सिसीटीएल (कर्नलच्या सेटिंग बघायची-बदलायची कमांड) व्हीएम.ओव्हरकमिट_मेमरी बघा. ० असतं, ते ठीक. २ असेल तर कर्नल हिशोबाला कडक होतो, सगळ्यांना मिळून स्वॅप अधिक रॅमचे ५० टक्के एवढीच मेमरी कबूल करतो, म्हणजे ८ जीबी रॅम आणि स्वॅप शून्य असेल तर ४ जीबीलाच "नाही" सुरू. प्रॉकमधल्या मेमइन्फो फाइलमध्ये कमिटलिमिट (जास्तीत जास्त किती कबूल) आणि कमिटेड_एएस (आत्तापर्यंत किती कबूल) शेजारी शेजारी ठेवून बघा, लगेच कळतं. कुठल्यातरी "सर्व्हर हार्डनिंग" च्या यादीतून हे २ आलेलं असतं आणि ज्यानं टाकलं त्याला आठवत नसतं. ० करा, रेडिस डेटाबेससारखं काही चालवत असाल तर ते स्वतःच १ मागतं.

ते नसेल तर यूलिमिट हायफन ए, सिस्टमडी सर्व्हिसमधला मेमरीमॅक्स, डॉकरला दिलेली मर्यादा. आणि व्हीएम.मॅक्स_मॅप_काउंट (एका प्रोसेसला मेमरीचे किती तुकडे मॅप करता येतात ते), कर्नलचा डीफॉल्ट ६५५३०, इलॅस्टिकसर्च हे सर्च इंजिन वर्षानुवर्षं २६२१४४ मागत आलंय, काही विंडोज गेम्सनाही कमी पडतो.

यूज्डमध्ये ६ जीबी, पण टॉपमध्ये सगळ्यांची बेरीज २ पण होत नाही

टॉप फक्त प्रोसेस दाखवतो. बाकीची मेमरी मेमइन्फोमध्ये शोधायची. ह्यूजपेजेस_टोटल शून्य नाहीये? एकेक पान २ एमबीचं, १०२४ राखून ठेवली असतील तर २ जीबी कुलूप लावून ठेवलेत, वापरा न वापरा. कोणीतरी डेटाबेस किंवा व्हर्च्युअल मशीनसाठी लावून विसरलेलं असतं. शेमेम मोठं असेल तर टीएमपीएफएस (रॅममध्येच असलेली फाइलसिस्टम), डीएफ हायफन एच मारा, टीएमपी फोल्डर रॅमवर असेल आणि तिथे पिक्चर डाउनलोड करून ठेवला असेल तर तो रॅममध्येच बसलाय. झेडएफएस वापरत असाल तर त्याची एआरसी कॅश यूज्डमध्येच मोजली जाते आणि बरीच वर्षं ती डीफॉल्टनं निम्म्या रॅमपर्यंत जायची, झेडएफएस_एआरसी_मॅक्सनं आवरा.

रॅमच खराब आहे हे कसं ओळखायचं?

एकच प्रोग्रॅम नाही तर वेगवेगळे प्रोग्रॅम कारण नसताना सेगफॉल्ट होतात (मेमरीच्या चुकीमुळे अचानक बंद पडतात), डाउनलोड केलेल्या फाइलचा चेकसम दर वेळी वेगळा येतो, मोठं काही कंपाइल करताना दर वेळी नव्या ठिकाणी फुटतं. मेमटेस्ट८६ प्लस पेनड्राइव्हवर टाका, ६.०० पासून (२०२२) तो यूईएफआयवर पण चालतो, सिक्युअर बूट मात्र बंद करावा लागू शकतो. रात्रभर लावून झोपा. एक जरी एरर आली तरी एररच, "फक्त एकच आहे" असं नसतं.

स्टिक बदलता येत असेल तर बदला. बोर्डवर सोल्डर केलेली असेल तर ग्रबमध्ये मेममॅप वापरून तेवढा खराब पत्ता कर्नलला टाळायला सांगता येतो, साइझ, डॉलर, पत्ता असं लिहायचं, आणि ग्रबच्या फाइलमध्ये त्या डॉलरच्या आधी बॅकस्लॅश लागतात नाहीतर ग्रब तो गिळून टाकतो. बदल लागला का हे परत सीएमडीलाइनमध्येच बघायचं.

सिसीटीएलनं बदललेलं रीबूट झालं की जातं

सिसीटीएल हायफन डब्ल्यू तात्पुरतं असतं. कायमचं करायचं तर ईटीसीतल्या सिसीटीएल.डी फोल्डरात ९९ नं सुरू होणारी डॉट कॉन्फ फाइल करा आणि सुडो सिसीटीएल हायफन हायफन सिस्टम. जुनी सिसीटीएल.कॉन्फ फाइल वापरायची सवय सोडा, डेबियन १३ मध्ये बूट होताना ती वाचलीच जात नाही, अपग्रेडनंतर सेटिंग गायब झालेल्यांचं बहुतेक हेच झालेलं असतं. फाइलमध्ये हॅश टाकून तारीख आणि कशासाठी केलं ते लिहा.

मिन_फ्री_केबाइट्स वाढवला, आता मशीन बूटच होत नाही

कर्नलनं कायम किती रॅम मोकळी ठेवायची त्याचा हा आकडा, तो किलोबाइटमध्ये असतो आणि लोक बाइटमध्ये समजून दोन-तीन शून्यं जास्त टाकतात. कर्नल मग बहुतेक रॅम राखीव धरतो आणि सुरू होताहोताच एकेक प्रोग्रॅम मारायला लागतो. घाबरू नका, फॉरमॅट नको. बूट होताना ग्रबचा मेनू आणा, ई दाबा, लिनक्सनं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी इनिट=/बिन/बॅश लिहा, कंट्रोल एक्स. काळी स्क्रीन येईल, माउंट हायफन ओ रीमाउंट,आरडब्ल्यू / असं मारा, सिसीटीएल.डी मधली तुमची फाइल उघडून ती ओळ काढा, सिंक मारा आणि पॉवर बटण दाबून बंद करून चालू करा. लाइव्ह पेनड्राइव्ह असेल तर त्यावरून बूट करून तीच फाइल उडवली तरी चालतं, ते जास्त सोपं पडेल.